विश्लेषण : कमी गुण जिंकूनही टेनिसमध्ये विजेतेपद कसे मिळते? टीव्हीवर सामना पाहताना नेमके काय पाहावे?

फ्रेंच खुल्या टेनिस स्पर्धेच्या २०२५ मधील अंतिम सामन्यात यानिक सिन्नरने १९३ गुण जिंकले, कार्लोस अल्कराझने १९२. करंडक मात्र अल्कराझने उंचावला. वर्षातून चार-दोन मोठे सामनेच पाहणाऱ्या प्रेक्षकाला हे कोडे वाटू शकते. क्रिकेटमध्ये जास्त धावा करणारा आणि फुटबॉलमध्ये जास्त गोल करणारा संघ जिंकतो, मग टेनिसमध्ये असे कसे? याचे उत्तर टेनिसच्या गुणपद्धतीत आहे. या खेळात सगळे गुण सारख्या मोलाचे नसतात. कोणता गुण किती मोलाचा, हे समजले की तीन-चार तासांचा सामना पाहणे सोपे होते आणि त्यातली रंगतही वाढते.

पॅरिसमध्ये नेमके काय घडले?

८ जून २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू झालेला हा सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला. खेळ चालला ५ तास २९ मिनिटे. फ्रेंच स्पर्धेच्या इतिहासातील हा सर्वाधिक लांबलेला अंतिम सामना ठरला. सिन्नरने पहिले दोन सेट ६-४, ७-६ असे जिंकले. तिसरा सेट अल्कराझने ६-४ असा घेतला. चौथ्या सेटमध्ये सिन्नर ५-३ असा पुढे होता आणि अल्कराझच्या सर्व्हिसवर गुणफलक ०-४० असा होता. म्हणजे सिन्नरला विजेतेपदासाठी सलग तीन संधी होत्या. त्यातली एक साधली असती तरी सामना तिथेच संपला असता.

अल्कराझने तिन्ही संधी परतवून गेम वाचवला. पुढच्याच गेममध्ये सिन्नर सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करत असताना त्याने ती भेदली आणि टायब्रेकरमध्ये चौथा सेट खिशात घातला. पाचव्या सेटमध्ये उलट घडले. अल्कराझ ५-४ अशा आघाडीवर विजयासाठी सर्व्हिस करत होता आणि सिन्नरने ती भेदली. अखेर निर्णायक टायब्रेकर अल्कराझने १०-२ असा जिंकला. अंतिम गुणसंख्या ४-६, ६-७, ६-४, ७-६, ७-६. दोन सेटची पिछाडी भरून काढून सामना जिंकण्याची अल्कराझची ही पहिलीच वेळ होती.

१५, ३०, ४० ही गुणपद्धती कशी चालते?

टेनिसचा सामना तीन पायऱ्यांचा असतो. गुणांतून गेम, गेममधून सेट आणि सेटमधून सामना. गेममधला पहिला गुण १५, दुसरा ३०, तिसरा ४० असा मोजला जातो आणि चौथा गुण मिळाला की गेम संपतो. दोघेही ४० वर आले की त्याला ‘ड्यूस’ म्हणतात. तिथून सलग दोन गुण घेणाऱ्याला गेम मिळतो. त्यातला पहिला गुण मिळाला की ‘अ‍ॅडव्हांटेज’. तो टिकवता आला नाही तर पुन्हा ड्यूस. त्यामुळे एकच गेम दहा-पंधरा मिनिटेही रंगू शकतो.

किमान दोन गेमच्या फरकाने सहा गेम जिंकणाऱ्याला सेट मिळतो. ६-६ अशी बरोबरी झाली की टायब्रेकर. त्यात १५, ३० नसून साधी १, २, ३ अशी मोजणी असते. दोन गुणांच्या फरकाने सात गुण घेणारा जिंकतो. ग्रँडस्लॅम स्पर्धांमध्ये पुरुष एकेरीत पाचपैकी तीन, तर महिला एकेरीत तीनपैकी दोन सेट जिंकावे लागतात.

पंच गुण सांगताना सर्व्हिस करणाऱ्याचा गुण आधी सांगतात. ‘१५-४०’ असे ऐकू आले तर सर्व्हिस करणारा अडचणीत आहे, असे समजावे. टीव्हीवरील गुणफलकात सर्व्हिस करणाऱ्याच्या नावाशेजारी बहुधा छोटा ठिपका किंवा चेंडूची खूण असते. सामना मध्येच लावला तर आधी ती खूण शोधावी, कारण तिच्याशिवाय गुणफलकाचा अर्थ लागत नाही.

कमी गुण जिंकूनही विजय कसा मिळतो?

प्रत्येक गेम, प्रत्येक सेट संपला की हिशेब पुन्हा शून्यावर येतो. हरलेल्या गेममध्ये मिळवलेले तीन गुण पुढच्या गेममध्ये कामी येत नाहीत. सेट ६-० असा जिंकला काय आणि ७-६ असा जिंकला काय, खात्यात एकच सेट जमा होतो. एक साधे उदाहरण पाहू. पहिला सेट ०-६ असा गमावलेल्या खेळाडूने पुढचे दोन सेट ६-४, ६-४ असे जिंकले, तर त्याने एकूण १२ गेम जिंकलेले असतात आणि पराभूत खेळाडूने १४. तरीही विजेता तोच.

सर्वोच्च पातळीवर याचे ठळक उदाहरण म्हणजे २०१९ ची विम्बल्डन पुरुष एकेरीची अंतिम लढत. ४ तास ५७ मिनिटे चाललेल्या त्या सामन्यात रॉजर फेडररने २१८, तर नोव्हाक जोकोविचने २०४ गुण जिंकले. गेमही फेडररचे ३६ आणि जोकोविचचे ३२. फेडररने प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस सात वेळा भेदली, जोकोविचला हे तीनदाच जमले. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशा आघाडीवर स्वतःच्या सर्व्हिसवर फेडररला विजेतेपदाच्या दोन संधीही मिळाल्या होत्या. मात्र सामन्यातले तिन्ही टायब्रेकर जोकोविचने जिंकले. निकाल ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा जोकोविचच्या बाजूने लागला.

२०१० मध्ये विम्बल्डनलाच जॉन इस्नर आणि निकोलस माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. त्यात माहूने ५०२ आणि इस्नरने ४७८ गुण जिंकले. पाचवा सेट ७०-६८ असा जिंकून सामना इस्नरने नेला.

कोणता गुण किती मोलाचा, हे कसे ठरते?

हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. समजा, एखादा खेळाडू स्वतःच्या सर्व्हिसवर सरासरी ६० टक्के गुण जिंकतो. प्रत्येक गुणावर हीच शक्यता धरली, तर तो सर्व्हिसचा गेम जिंकण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के येते. हेच प्रमाण ६५ टक्के असेल तर ८३ आणि ७० टक्के असेल तर ९० टक्के. म्हणजे गुणांतला थोडासा वरचष्मा गेमच्या पातळीवर मोठा होतो.

आता ६० टक्क्यांच्याच खेळाडूच्या एका गेमकडे पाहू. तो ४०-० असा पुढे आहे. पुढचा गुण जिंकला तर गेम त्याचा. गमावला तरी गेम जिंकण्याची शक्यता ९५ टक्के उरतेच. या गुणाने पाच टक्क्यांचाच फरक पडतो. गुणफलक ३०-३० असेल तर? गुण जिंकला तर शक्यता ८८ टक्के, गमावला तर ४२ टक्के. फरक ४६ टक्क्यांचा. आणि ३०-४० असताना गुण वाचवला तर शक्यता ६९ टक्के, गमावला तर शून्य. तोच चेंडू, तेच कोर्ट. पण एका गुणाचे मोल दुसऱ्याच्या दहापटीहून अधिक.

याच हिशेबाने ०-४० अशा स्थितीतून गेम वाचवण्याची शक्यता सुमारे १५ टक्के, म्हणजे साधारण सातपैकी एक. पॅरिसमध्ये अल्कराझ नेमका तिथे उभा होता.

सर्व्हिस भेदणे इतके महत्त्वाचे का?

सर्व्हिस करणाऱ्याच्या हाती सुरुवात असते. चेंडू कुठे, किती वेगाने आणि किती फिरकीने टाकायचा, हे तोच ठरवतो. त्यामुळे वरच्या पातळीवर आपापल्या सर्व्हिसचे गेम जिंकत राहणे हा सामन्याचा नेहमीचा क्रम असतो. हा क्रम मोडून प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर गेम घेणे म्हणजे ‘सर्व्हिस भेदणे’ अर्थात ब्रेक. दोघांच्या सर्व्हिस सुरळीत चालल्या असतील तर एकच ब्रेक सेटचा निकाल लावू शकतो.

कोर्टाचा पृष्ठभागही यात भूमिका बजावतो. विम्बल्डनच्या हिरवळीवर चेंडू टप्पा पडल्यावर सरपटत वेगाने येतो, त्यामुळे सर्व्हिसचा फायदा जास्त. पॅरिसच्या लाल मातीवर टप्प्यानंतर चेंडू मंदावतो आणि उंच उसळतो. परतीचा फटका मारायला वेळ मिळतो, म्हणून ब्रेक जास्त होतात. मातीवर एक ब्रेक झाला म्हणजे सेट संपला असे समजून चॅनेल बदलू नये. पुरुषांच्या तुलनेत महिलांच्या सामन्यांतही ब्रेक अधिक पाहायला मिळतात, त्यामुळे तिथे आघाडी-पिछाडीचा खेळ अधिक वेगाने पालटतो.

हातातला फोन नेमका केव्हा बाजूला ठेवावा?

पूर्ण सामना डोळ्यांत तेल घालून पाहणे कुणालाच जमत नाही, त्याची गरजही नाही. काही क्षण मात्र चुकवू नयेत. पहिला, ३०-३० किंवा ड्यूस. इथून एक गुण गेला की सर्व्हिस धोक्यात येते. दुसरा, १५-३०. ब्रेकची चाहूल इथेच लागते. तिसरा, ४-४ नंतरचे गेम. ४-५ अशा स्थितीत सर्व्हिस करणाऱ्याचा गेम गेला तर सेटच जातो, पुन्हा बरोबरी साधायला वेळ उरत नाही. सेटमध्ये दुसऱ्यांदा सर्व्हिस करणाऱ्यावर हा ताण हमखास येतो. चौथा, ब्रेक मिळाल्यानंतर लगेचचा गेम. मिळवलेली आघाडी टिकते की लगेच परत जाते, हे तिथे कळते. पाचवा अर्थातच टायब्रेकर.

टायब्रेकरमध्ये पहिला खेळाडू एकदा सर्व्हिस करतो, नंतर प्रत्येकी दोन-दोन सर्व्हिस. दर सहा गुणांनी बाजू बदलतात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर मिळालेल्या गुणाला ‘मिनी ब्रेक’ म्हणतात; टायब्रेकरचा निकाल बहुतेकदा त्यावरच ठरतो. पूर्वी निर्णायक सेटमध्ये काय करायचे, याचे नियम चारही ग्रँडस्लॅममध्ये वेगवेगळे होते. २०२२ पासून चारही ठिकाणी निर्णायक सेटमध्ये ६-६ झाल्यावर दहा गुणांचा टायब्रेकर खेळवला जातो. त्यामुळे ७०-६८ सारखा सेट आता होणे नाही.

पडद्यावरची आकडेवारी कशी वाचावी?

सेट संपला की पडद्यावर आकड्यांचा तक्ता येतो. ‘बिनतोड सर्व्हिस’चा आकडा डोळ्यांत भरतो, पण अधिक बोलका आकडा असतो दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गुणांचा. पहिली सर्व्हिस चुकली की खेळाडूला सावध, कमी वेगाची सर्व्हिस करावी लागते आणि प्रतिस्पर्धी त्यावर तुटून पडतो. हा आकडा घसरू लागला तर ब्रेक जवळ आहे, असे समजावे.

‘अनफोर्स्ड एरर’ म्हणजे दबाव नसताना केलेली चूक. चूक दबावाखाली झाली की नाही, हे नोंद करणारी व्यक्ती ठरवते, म्हणून हा आकडा अंदाजाने घ्यावा. शिवाय आक्रमक खेळाडूच्या खात्यात चुका जास्त असतातच. त्याच्या विजयी फटक्यांशी त्यांची तुलना करून पाहावी. ब्रेक पॉइंटच्या रकान्यात दोन आकडे असतात, साधलेल्या संधी आणि मिळालेल्या संधी. दहा संधी मिळून एक साधलेला खेळाडू चांगला खेळूनही मागे राहिलेला असू शकतो. एकूण गुणांचा रकाना सर्वांत शेवटी पाहावा. तो का फसवतो, हे वर आलेच आहे.

टीव्हीच्या कॅमेऱ्यात काय दिसत नाही?

नेहमीचा कॅमेरा कोर्टाच्या एका टोकामागे उंचावर असतो. त्यातून फटक्याची दिशा छान दिसते, पण वेग आणि उंची सपाट होऊन जाते. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस त्याच वेगाने शेवटपर्यंत गेली असती तर समोरच्या टोकाला पोहोचायला तिला अर्धा सेकंदही लागला नसता. हवेच्या विरोधाने आणि टप्प्यामुळे वेग कमी होतो, तेवढीच काय ती उसंत. पडद्यावर निवांत वाटणारा परतीचा फटका एवढ्या वेळात खेळलेला असतो.

वेग जाणून घ्यायचा तर चेंडूऐवजी काही गुण खेळाडूच्या पायांकडे पाहावे. परतीचा फटका घेणारा बेसलाइनच्या किती मागे उभा आहे? सामन्याच्या मध्यावर तो पुढे सरकला का? तो मागे गेला तर प्रतिस्पर्धी जाळ्यालगत हळूच चेंडू टाकून त्याला धावायला लावतो. अल्कराझचा ‘ड्रॉप शॉट’ असाच वापरला जातो. मध्यभागी जाळ्याची उंची ०.९१ मीटर असते आणि खांबांपाशी १.०७ मीटर. कोपऱ्यातून कोपऱ्यात मारलेला तिरका फटका जाळ्याच्या बुटक्या भागावरून जातो आणि त्याला अंतरही जास्त मिळते. म्हणून अवघड क्षणी खेळाडू तिरकाच फटका पसंत करतात. सरळ रेषेतला फटका जोखमीचा. तो ब्रेक पॉइंटवर कोण मारतो, यावरून त्याचा आत्मविश्वास कळतो.

चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यावरचा वाद आता बराच कमी झाला आहे. विम्बल्डनने २०२५ पासून रेषेवरचे पंच हटवून संपूर्ण काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर सोपवले. पॅरिसमध्ये मात्र २०२५ मध्येही रेषापंच होते. तिथे मातीवर चेंडूचा ठसा उमटतो आणि शंका आली तर मुख्य पंच खुर्चीवरून उतरून तो पाहतात.

दोन गुणांमधल्या वेळात काय घडते?

दोन गुणांमध्ये खेळाडूला २५ सेकंद मिळतात. बाजू बदलताना दीड मिनिट, सेट संपल्यावर दोन मिनिटे. टॉवेलने घाम पुसणे, रॅकेटच्या तारा सरळ करणे, चेंडू निवडणे यातून खेळाडू श्वास सावरत असतो. चेंडूही ठरावीक काळाने बदलतात. पहिल्यांदा सात गेमनंतर, पुढे दर नऊ गेमनंतर. नवा चेंडू टणक आणि वेगवान असतो, म्हणून सर्व्हिस करणारा तो उंचावून प्रतिस्पर्ध्याला दाखवतो. चेंडू कधी बदलतात, याकडे लक्ष ठेवले तर पुढचा गेम सर्व्हिस करणाऱ्यासाठी सोपा जाईल का, याचा अंदाज बांधता येतो.

भारतीय प्रेक्षकासाठी सामने केव्हा?

ऑस्ट्रेलियन स्पर्धेचे सामने आपल्याकडे पहाटेपासून सुरू होतात आणि तिथले रात्रीचे सत्र आपल्या दुपारी येते. फ्रेंच आणि विम्बल्डन दुपार ते रात्र अशा सोयीच्या वेळेत असतात. २०२५ पासून विम्बल्डनचा एकेरीचा अंतिम सामना भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठला सुरू होऊ लागला. अमेरिकन स्पर्धेचे रात्रीचे सत्र मात्र आपल्या पहाटे साडेचारला सुरू होते.

भारतीयांना अलीकडे आनंदाचे क्षण दिले ते दुहेरीने. रोहन बोपण्णाने जानेवारी २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डेनच्या साथीने ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली आणि दुहेरीत जगातले पहिले स्थानही मिळवले. २०१८ ते २०२३ या काळात पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र खुली एटीपी स्पर्धा झाली, तेव्हा अनेकांनी दुहेरीचा थरार जवळून पाहिला. एटीपी टूरवरील दुहेरीत ४०-४० झाल्यावर एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर असतो. त्यामुळे तिथे मोलाचे गुण आणखी भराभर येतात.

गमावलेल्या गुणाचे काय करायचे?

फेडररने जून २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात याचा हिशेब मांडला होता. कारकीर्दीतील १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के त्याने जिंकले. गुण मात्र अवघे ५४ टक्के. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकालाही शंभरातले ४६ गुण गमवावे लागतात. गुण गमावणे हा या खेळाचा नेहमीचा भाग आहे. गेलेला गुण मागे ठेवून पुढचा कसा खेळतो, त्यावर खेळाडूची पत ठरते.

पॅरिसच्या त्या पराभवानंतर पाच आठवड्यांनी, १३ जुलै २०२५ रोजी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात सिन्नर आणि अल्कराझ पुन्हा समोरासमोर आले. पहिला सेट सिन्नरने गमावला, पुढचे दोन जिंकले. चौथ्या सेटमध्ये तो ४-३ असा पुढे असताना त्याच्या सर्व्हिसवर गुणफलक १५-४० झाला. दोन ब्रेक पॉइंट, समोर तोच प्रतिस्पर्धी, आणि पॅरिसमध्ये हातचे गेलेले विजेतेपद अजून ताजे. सिन्नरने दोन्ही गुण वाचवले, गेम राखला आणि ४-६, ६-४, ६-४, ६-४ असा सामना जिंकून पहिल्यांदा विम्बल्डनचा विजेता झाला. निकालाच्या ओळीत त्या दोन गुणांची नोंद कुठेच दिसत नाही. सामना पाहताना ३०-३०, १५-४० या आकड्यांकडे ज्याचे लक्ष होते, त्याला मात्र विजेतेपद कुठे राखले गेले ते दिसले.